न चाखलेलं बिरडं

सगुणाचा डावा हात बदनाम होता. चोरीमारीसाठी नव्हे, चाटण्यासाठी. गॅसवर काहीही रटरटायला लागलं की पळीतला थेंब तळहातावर, आणि तळहात तोंडाला. हे तिच्या हातून आपसूक व्हायचं, डोळ्याची पापणी लवावी तसं. कळव्याच्या त्यांच्या आळीत तिच्या बोंबलाच्या कालवणाचं नाव होतं, ते ह्या तळहाताच्याच जिवावर.

पण लग्नानंतरच्या पहिल्याच गणपतीत तिनं वालाच्या बिरड्याचा थेंब असाच चाटला. देवाला नैवेद्य दाखवायच्या आधी, भरल्या स्वयंपाकघरात, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. सासूनं अख्खं पातेलं उचलून बाजूला ठेवलं आणि पुन्हा वाल सोलायला बसली. तेव्हापासून गेली सव्वीस वर्षं गणपतीच्या दिवशी सगुणाकडे एकच काम होतं: नारळ खवणं. नैवेद्याचा स्वयंपाक मोठ्या जाऊबाईंचा, मायावहिनींचा.

यंदा मायावहिनी मेलबर्नला, लेकीच्या बाळंतपणाला गेलेल्या. सासू तर केव्हाच वर गेलेली. मोठे दीर चांगदेव आरामखुर्चीतून म्हणाले, "ह्या वर्षी नैवेद्य पोळीभाजी केंद्रातून मागवू. उगाच धोका नको."

धोका म्हणजे कोण, ते सगळ्यांना ठाऊक होतं.

"बाहेरचा नैवेद्य? मी घरात जिवंत असताना?" सगुणा म्हणाली. "मी करीन. आणि चाखणार नाय."

तिचा नवरा सुदेश पेपरात तोंड घालून हसला. "सगुणा, तू चहासुद्धा चाखून गाळतेस."

झालं. दुसऱ्या दिवशी तिनं फेलिशियाला गाठलं. फेलिशिया शाळेपासूनची मैत्रीण, ठाण्यात राहायची, आणि कुठलीही भानगड असली की तिचा नवरा युजीन नुसतं विचारायचा, "परत कधी येणार?" फेलिशियानंच मोबाइलवर शोधून काढलं: कोपरला वैशालीताईंचा क्लास. नैवेद्याचा स्वयंपाक, एका रविवारात.

"पण तुला काय करायचाय गो नैवेद्य?" सगुणानं विचारलं.

"मला तू शिकताना बघायचंय. पिक्चरपेक्षा स्वस्त."

वैशालीताई सडपातळ, ताठ, आणि आवाज असा की कुकरनं शिटी देण्याआधी परवानगी घ्यावी. ओट्यापुढे पाचसहा बायका उभ्या केल्या आणि म्हणाल्या, "इथे चमचा तोंडात जाणार नाही. बोट जाणार नाही. तळहातही जाणार नाही."

सगुणानं डावा हात पाठीमागे लपवला. फेलिशियानं उजवा वर केला.

"मॅडम, मी कॅथलिक. मला तुमचा नियम नाही. मग मी चाखलं तर?"

"तुम्हाला नाही हो नियम, पण जेवणाऱ्याला आहे ना? उष्टं ते उष्टंच."

"आमच्या फादरपेक्षा कडक आहे," फेलिशिया कुजबुजली.

"मग मीठ कसं कळायचं?" सगुणानं विचारलं.

"वाफेवरून. नाक पातेल्यावर न्यायचं. अळणी पदार्थाची वाफ बोथट असते. मीठ पडलं की तिला धार येते."

फेलिशिया गंभीर चेहऱ्यानं म्हणाली, "मॅडम, माझं नाक कोविडात गेलेलं, ते अर्धंच परत आलंय."

तेवढ्यात बिरड्याला उकळी फुटली आणि सगुणाचा तळहात निघालाच. फेलिशियानं मनगट पकडलं. दोन मिनिटांनी पुन्हा निघाला, पुन्हा पकडलं. तिसऱ्यांदा तिनं पर्समध्ये हात घातला, तळातून एक जुना मास्क काढला आणि सगुणाच्या तोंडावर चढवला. "आता चाट."

बाकीच्या बायकांचं हसू आवरेना. वैशालीताईंनी मात्र नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "कल्पना चांगली आहे. नाक उघडं ठेवा म्हणजे झालं."

क्लासच्याच देव्हाऱ्यापुढे नैवेद्य दाखवून झाला, मंडळी जेवायला बसली. फेलिशियानं बिरड्याचा पहिला घास घेतला आणि तिचे डोळे गरगर फिरले.

"सगुणा, मीठ तू घातलंस?"

"हो. का, तू पण?"

"ठाण्याची खाडी आहे ही!"

"भरतीची," सगुणा घास गिळत म्हणाली, आणि दोघी अशा सुटल्या की फेलिशियाला उचकी लागली. वैशालीताई तांब्याभर पाणी प्यायल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "बायांनो, कमी पडलं तर पानात मीठ वाढलेलं असतं, ज्याचं त्यानं घ्यावं. जास्त पडलं तर प्रत्यक्ष गणपतीसुद्धा काढू शकत नाही."

स्टेशनकडे चालताना दोघींनी ठरवलं, बिरड्यात मीठ एकीनंच घालायचं. ती एक कोण, हे ठरवायचं मात्र हसण्याच्या नादात राहून गेलं.

गणपतीच्या सकाळी फेलिशिया उजाडतानाच मास्क घेऊन हजर. मोदक झाले, भाजी झाली, वरण झालं. बिरड्याच्या वेळी सगुणाचा तळहात सुसाट आला आणि मास्कवर आपटला. पांढऱ्या कापडावर पिवळा डाग.

"देवा रे, ह्याला बांधून ठेवू का?"

"मास्क घसरलाय, वर घे," फेलिशिया म्हणाली. सगुणानं घाईघाईत तो थेट डोळ्यांखाली ओढला. नाकही गेलं आत. धारही नाही, बोथटही नाही, वाफेऐवजी नुसता कापडाचा वास.

चांगदेव दारात येऊन उभे राहिले. "सर्दी झाली का तुला?"

"नाय भाऊजी. व्रत आहे."

आरती झाली, नैवेद्य दाखवला, पंगत बसली. भिंतीला टेकवलेल्या मोबाइलमधून मायावहिनी बघत होत्या, मांडीवर नातू. सगुणानं पानांच्या डाव्या कोपऱ्यात मीठ, लिंबू, चटणी वाढली. मग बिरडं.

चांगदेवांनी घास घेतला आणि थांबले. बोटांच्या चिमटीनं मीठ उचललं, बिरड्यात कालवलं. पुन्हा घास. पुन्हा मीठ. शेजारी सुदेशनंही मिठाकडे हात नेला. मग समोरच्यांनी.

सगुणा मास्कमधून पुटपुटली, "फेलिशिया, मीठ?"

"मी नाही घातलं. एकीनंच घालायचं होतं ना! ती तू."

"मला वाटलं, ती तू!"

आता भाऊजी बोलणार. पुढल्या वर्षी पोळीभाजी केंद्र, आणि सगुणा जन्मभर खवणीवर.

चांगदेवांनी आणखी एक चिमूट घातली, चाखलं, मान डोलवली. "सगुणा, अजून वाढ."

"भाऊजी, अळणी झालंय ओ."

"कळलं मला. पण बरं झालंय. मीठ आपल्या हातानं घालता येतं. मायाच्या बिरड्यात घालायला जागाच नसते. सव्वीस वर्षं पाण्याबरोबर गिळतोय मी ते."

सुदेश पानात बघून म्हणाला, "मी ताकाबरोबर."

"ऐकतेय मी!" मोबाइलमधून आवाज आला. नातू दचकून रडायला लागला. "सव्वीस वर्षं कुणी एक शब्द बोललं नाय?"

"नैवेद्य होता ना. नावं कशी ठेवायची?" चांगदेव म्हणाले.

"बरं. पुढच्या वर्षी मी नारळ खवते, करू दे तिलाच," मायावहिनी फणकारल्या, आणि मग स्वतःच फस्सकन हसल्या. "आणि ए सगुणा, तो मास्क काढ आता, नैवेद्य झाला!"

फेलिशियानं मागून गाठ सोडली. सगुणानं पळीभर बिरडं डाव्या तळहातावर घेतलं आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, सावकाश, आवाज करून चाटलं.

खरंच अळणी होतं. तिनं मखराकडे पाहिलं. माणसांचं काय, पानात मीठ होतं. देवाच्या पानात मात्र मीठ वाढत नाहीत.

"तुझंच तेवढं अळणी गेलं रे बाबा," ती म्हणाली, आणि त्याच्यापुढे आणखी एक मोदक ठेवला.