खाऱ्या पाण्याचं पिंप

मित्रांनो, पळसदरीच्या एका बांधावर गंजून भोकं पडलेलं लोखंडी पिंप आडवं पडलं आहे. तेच मी. मुलं माझ्यावर चढतात, तेव्हा माझा जीव घाबरा होतो. माझा पत्रा फार धारदार झाला आहे.

महायुद्धाच्या दिवसांत कर्जतजवळ लष्कराचा तेलसाठा होता. तेल जमिनीतून निघतानाच सोबत खारं पाणी घेऊन येतं म्हणे. जहाजातही थोडं मिसळतं. टाकीत ते तळाशी बसे. तोटी उघडून ते माझ्यात काढत, सोबत थोडं तेलही येऊन वर तरंगे, आणि दूरच्या खडकाळ खड्ड्यात ओतत. "ह्ये पिंप गळत नाय हां!" असं मुकादम म्हणे, तेव्हा मी फुलून जाई.

त्या उन्हाळ्यात रानातला पाला आणायला बंदी झाली. भाताचं रोप टाकण्याआधी जमीन भाजायला शेण-पाल्याचा राब लागतो. तो तोकडा पडला. म्हणून साठ्यावरच्या सहदेव हमालाने मला त्याच तेलकट पाण्याने भरून बैलगाडीतून घरी नेलं.

त्याची बायको गौराबाई अंगावर पिणाऱ्या शकूला कडेवर घेऊन पुढे आली.

"अवो, त्या खड्ड्याकडंला गवताची काडी उगवत नाय. पघितलंत का?"

"वर तेल हाय गं. राब कसा भडकंल बघ!"

"आन् खालचं पानी?"

"वाफ हून जाईल. लई डाक्तरीण झालीस!"

शेजारचा आबाजी हसला. "वयनी, फुकटचं घासलेट मिळतंय, मिळू द्या की!"

माझ्यातलं पाणी राबावर ओतलं. ऊन खाऊन राब खरंच भडाभडा पेटला. पाणी उडालं, मीठ मातीतच राहिलं.

रेशनच्या त्या दिवसांत शकूला पाण्यासारखी पेज पाजून गौराबाईने बियाण्याचं भात राखलं होतं. तेच तिने पेरलं. पाऊस लागला. आबाजीचं रोप वीतभर झालं. इथे माती काळीच. गौराबाईने बोटाने उकरून दाणा काढला. फुगलेला, पण मोड नाही. चिमटीत धरताच त्याचं पीठ झालं.

"दुसरं बी आनू," सहदेव म्हणाला.

"कुठनं?"

आबाजीने स्वतःची लावणी उरकून उरलेलं रोप दिलं. ते अर्ध्या खाचरालाही पुरलं नाही. दिवाळीनंतर घरातलं भात संपलं, मग गौराबाईचं दूध आटलं. शकूने पुढचा उन्हाळा पाहिला नाही.

मित्रांनो, नकोसं पाणी ओतून टाकलं म्हणजे संपत नाही. ते कुठे जाणार, हे आधी विचारत जा. आणि एखादी आई तसं विचारत असेल, तर तिला हसू नका.