पाहुण्याला न लागणारी काठी

हसनैनची काठी अवदल्लाच्या कानशिलापासून बरोबर दोन बोटांवर थांबली. तिसऱ्यांदा. अवदल्लाची मात्र दर वेळी हसनैनच्या खांद्याला लागत होती, कारण हसनैन तो खांदा उघडाच ठेवत होता.

दर शुक्रवारी नमाजानंतर खळ्यावर ढोल वाजे, काठीचा खेळ रंगे. पाहुण्याला मारायचं नाही, जिंकू द्यायचं, हा इथला रिवाज. बायको गेल्यावर नदीपल्याडच्या घराला कुलूप लावून अवदल्ला लेकीच्या, नजातच्या, सासरी आला, त्याला आठ महिने झाले. पुतण्याचं लग्न त्या घरावाचून अडलं होतं. घर द्यायचं की परत जायचं, हे तो लेकीलाही सांगत नव्हता. आणि आठ महिने तो खळ्यावर जिंकतच होता.

"वा काका! हात अजून तरणा आहे तुमचा."

"खेळतोयस की घास भरवतोयस?"

"तुम्हाला लागलं तर नजातवहिनी मलाच सोलून काढतील!"

लोक हसले. अवदल्लाने काठी फिरवली आणि या वेळी थांबवली नाही. हसनैनची भुवई फुटली, रक्त डोळ्यात उतरलं. ढोल बंद पडला.

"काका, वेड लागलं का?"

"मार."

"पुरे झालं, काका..."

दुसरा फटका मनगटावर बसला. "मार म्हणतो ना! बापानं काठी शिकवली की पंखा हलवायला?"

हसनैनने डोळा पुसला. त्याची काठी बरगडीवर आली. आत काहीतरी कडकन वाजलं ते अवदल्लाला ऐकू आलं. पुढचा घाव जबड्यावर. तो गुडघ्यावर कोसळला, तिथूनच त्याने हसनैनची नडगी फोडली, आणि हसनैनच्या तिसऱ्या घावाने अवदल्लाच्या खांद्याचं हाड मोडलं. काठी हातातून गळाली.

"बस कर, मरेल तो!" कोणीतरी ओरडलं.

"मरतोय कसला! उठतोय बघ, हलकट म्हातारा!"

या गावात त्याला पहिल्यांदाच कोणी शिवी दिली होती.

नजात धावत आली. "बाबा! सासरी तोंड कसं दाखवू मी?"

अवदल्लाने रक्तासकट एक दात थुंकला. हसनैन शेजारी बसून पागोटं फाडत त्याचा हात गळ्यात बांधू लागला.

"बरा झालास की डावा गुडघाही फोडतो तुझा," हसनैन म्हणाला.

"ये की. मी कुठं जातोय?"

मग अवदल्ला लेकीकडे वळला. "नजात, पुतण्याला निरोप धाड. घर त्याचं. मी इथंच राहणार."