बर्फाची जागा

नीलाच्या चित्रात हिमालयातल्या बुरांशाचं लालभडक फूल बर्फात उमललं होतं. बर्फ तिने रंगवलाच नव्हता. जलरंगात बर्फ म्हणजे कोरा कागद. तिथे ब्रश टेकवायचाच नाही. वाकडच्या प्रदर्शनाची अटही तीच, पांढरा रंग दिसला की चित्र बाद. वर्षभर धडपडून मिळालेली ही पहिली संधी, आणि आज पाचच्या आत चित्र पोचवायचं होतं. ती बाजारातून रिकामी फ्रेम घेऊन धावतपळत घरी आली, तर बर्फावर चुन्यासारखा दाट पांढरा थर.

शेजारी तिचे वडील जयसिंग हेअर ड्रायर धरून उभे. चेहऱ्यावर काम फत्ते केल्याचा आनंद.

"निम्मा कागद तसाच राहिला होता गं. तुझ्या पेटीतला पांढरा मारून दिला. सुकवलाय पण, आता हलायचा नाही."

चाकणच्या मोटार कंपनीत पेंट शॉपला उभं आयुष्य काढलेला माणूस. दरवाजावर नखाएवढी कोरी जागा दिसली तरी गाडी पुढे सोडायची नाही. दिवाळीनंतर लाइन बंद झाली, नोकरी गेली, सवय तेवढी राहिली. अजूनही ते फर्स्ट शिफ्टच्या वेळेला उठायचे, दाढी करायचे, बूट पुसायचे आणि दिवसभर घरात काय अर्धवट राहिलंय ते शोधत बसायचे.

नीलाच्या डोक्यात सणक गेली. "कुणी सांगितलं होतं? स्वतःचं काम गेलं, आता माझं घालवायला निघालात?"

बोलली आणि तिची तिलाच लाज वाटली. जयसिंग ड्रायरची वायर नीट गुंडाळून उंबऱ्यावर बूट घालायला बसले.

तिने पातं घेऊन रंग खरवडायला सुरुवात केली. कागदाचा भुसा निघाला, पाकळीची लाली त्यात फिसकटली. अजून एकदा पातं फिरवलं तर कागद फाटणार होता.

"एवढं सांग," जयसिंग मान वर न करता म्हणाले, "बर्फात फूल कशाला काढायचं? मरेल ना ते?"

"मरत नाही, म्हणूनच काढतात. सगळं गारठलं तरी जे फुलायचं सोडत नाही, त्याचं चित्र असतं ते." तिने पात्यावरचा भुसा झटकला. "तुमचं आहे ते, पप्पा. रोज सकाळी तुम्हाला दाढी करताना बघून काढलंय."

जयसिंगांचा हात लेसवरच थांबला.

"मग मीच घालवलं की गं."

"हो," नीला म्हणाली. खोटं बोलली असती तर त्यांनी ओळखलं असतं. पातं खाली ठेवून ती त्यांच्याशेजारी उंबऱ्यावर बसली, आणि मग दोघंही रडली.