आधी आठ, मग क्रम

भिंगरीनं कोड उघडला आणि तिची कानशिलं तापली. पोहण्याच्या क्लबचं क्रमवारीचं पान लिहिलं तिनं, आणि खाली नाव चुलतभावाचं! दादा ते सरांना परस्पर आपलं म्हणून दाखवून आला होता. वर म्हणे, "पोरगी रंग निवडत होती हो!" आणि उद्या त्याच पानावरचे पहिले आठ संघात जाणार होते.

पण चोराला मालाची पारख कुठली? वेग कुठल्याच रकान्यात साठवलेला नव्हता. अंतर भागिले वेळ, विचारलं की निघायचा. भिंगरीनं हे गणित डेटाबेसला विचारायच्या प्रश्नातच घातलं होतं. दादाला ते गबाळं वाटलं. त्यानं ते उचलून ओआरएमच्या कोडमध्ये नेलं. ओआरएम म्हणजे आपला कोड आणि डेटाबेस यांच्यातला दुभाष्या. आता गणित दुभाष्याच्या खिशात, डेटाबेसला वेग माहीतच नाही, मग क्रम कसा लागणार? पठ्ठ्यानं शक्कल लढवली: आधी आठ जण आणले, मग त्या आठांनाच वेगानुसार उभं केलं. म्हणजे क्लबात आधी आलेले आठ! सगळ्यांत वेगवान भिंगरी आली होती शेवटी.

हळूच सांगता आलं असतं. तिनं तोंडात मिठाची गुळणी धरली.

दुसऱ्या दिवशी ओल्या केसांची सगळी पोरं भिंतीवरच्या पडद्यासमोर दाटीनं बसली. दादानं ऐटीत बटण दाबलं.

"मी?" आठव्या नंबरवर आपलं नाव बघून छोटा बोया दचकला. "सर, मी तर अजून काठ सोडत नाही!"

हशा पिकला. सरांनी भुवया चढवल्या. "भिंगरी कुठंय यात?"

"थोडी कमी पडली असेल, सर," दादा म्हणाला.

"कमी? परवा माझ्याच घड्याळावर पहिली आली ती!"

"दादा, परत दाब ना," भिंगरी म्हणाली. "तुझंच तर पान आहे."

त्यानं दाबलं. पुन्हा दाबलं. तेच आठ! "भिंगे, कर ना काहीतरी," तो दात आवळून पुटपुटला. "घरची ना तू?"

"मी तर रंग निवडते रे."

"येतं का तुला?" सरांनी विचारलं.

ती उठली. गणित परत प्रश्नात घातलं, आधी क्रम, मग आठ. पान पुन्हा उघडलं आणि सगळ्यांत वर तिचं नाव! यादीतून पडलेल्या बोयानं तर आनंदानं उडीच मारली.

"मुळात लिहिलं कुणी हे?" सर दादाकडे बघत होते.

"हिनं," दादा कीबोर्डला म्हणाला.

"मोठ्यानं, दादा," भिंगरी साखरेच्या आवाजात म्हणाली. "मागच्यांना ऐकू नाही गेलं."