नऊ मिनिटं तरी बसा

मी सोफा बोलतोय. उभं राहून बोलणं मला जमत नाही, तेव्हा तुम्हीही बसूनच ऐका. डाव्या बाजूला मात्र रेलू नका, तिथली स्प्रिंग बोचते.

इस्रायलमधल्या जाफ्याच्या एका कारागिरानं मला घडवलं, हिरवी मखमल चढवली आणि बेरशेबाच्या झोहराबाई मला घरी घेऊन गेल्या. चाळीस वर्षं त्या माझ्यावर बसल्या. मटार सोलले, शेजारणींची उणीदुणी काढली, चार मुलं वाढवली. चष्मा डोक्यावर ठेवून तो माझ्या फटीत शोधण्यात तर त्यांचा निम्मा जन्म गेला. नात लिराझ कॅमेरा घेऊन समोर आली की म्हणायच्या, "अगं, ठेव ते डबडं बाजूला. जेवलीस का?"

गेल्या हिवाळ्यात झोहराबाई गेल्या. दुखवटा सरल्यावर त्यांच्या मुलानं, प्रॉस्परनं, मला ओढत खाली नेलं आणि कचऱ्याच्या पेट्यांपाशी ठेवलं. नळदुरुस्ती करणारा, दणकट हातांचा माणूस. त्यानं एकदाही वळून पाहिलं नाही. मला फार लागलं ते.

प्रॉस्परची मुलगी म्हणजेच लिराझ. ती मैत्रिणीचा टेम्पो घेऊन धावत आली आणि मी थेट तेल अवीवला पोचलो. एका जुन्या छापखान्यात नव्या मुलामुलींच्या व्हिडिओ-कलेचं प्रदर्शन होतं. शेजारच्या खोलीत एक पोरगा भिंतीवर चमच्यानं समुद्र उपसत होता. पलीकडे एक मुलगी अख्खं बसस्थानक उलट्या पावलांनी चालत होती. आणि आमच्या अंधाऱ्या खोलीत समोरच्या भिंतीवर साक्षात झोहराबाई! माझ्याच अंगावर बसून चष्मा शोधतात, लिराझला दटावतात आणि बसल्या बसल्या झोपी जातात. नऊ मिनिटं. मग चित्र आपोआप पुन्हा सुरू होतं आणि त्या जाग्या होतात.

लोकांचं काय सांगू! यायचे, बसायचे, मोबाइल काढायचे, "अच्छा, अच्छा" म्हणत पाय काढता घ्यायचे. तीन मिनिटं टिकला तो शूर. एक समीक्षक पूर्ण नऊ मिनिटं बसले म्हणून मी हरखलो, तर ते घोरत होते. लिराझला त्याचं काही नव्हतं. ती एकाच माणसाची वाट पाहत होती; रोज माझ्यावर बसून त्याला फोन लावायची.

"बाबा, फक्त नऊ मिनिटं. एकदा या ना."

"नळ फुटलाय एकीकडे."

"रोज?"

"या गावाचे पाइपच तसले."

आईला पुन्हा बघायची त्याची छाती होत नव्हती, हे मला ठाऊक होतं.

शेवटच्या शुक्रवारी दुपारी एकला प्रॉस्पर आला, हातात हत्यारांची पेटी. आधी मी दिसलो. "तू इथं?" म्हणत बसला, तो नेमका स्प्रिंगवर. नऊ मिनिटं झाली, अठरा झाली, अर्धा तास झाला. लिराझ पडद्याआडून नखं खात बघत होती. शेवटी राखणदार ग्रिशा किल्ल्या वाजवत आला.

"साहेब, बंद करायचंय. शब्बाथची सुट्टी लागतेय."

"शेवट तर होऊ द्या."

"याला शेवट नसतो हो. फिरतच राहतं."

"असं होय! मघापासून वाटतंय, झोपली, आता संपलं. अन् ही बाई परत उठते, परत चष्मा शोधते!" प्रॉस्पर हसत होता आणि माझ्या हातावर टपटप पाणी पडत होतं. लिराझ येऊन त्याला बिलगली. "काय गं," तो म्हणाला, "चष्मा डोक्यावर आहे, एवढं सांगायचं नाही होय तिला?"

ग्रिशानं बटणाकडे हात नेला. भिंतीवर झोहराबाईंची मान कलली होती.

"थांबा भाऊ. झोपेत नको. जागी असताना बंद करा," प्रॉस्पर म्हणाला.

तिघंही थांबले. झोहराबाईंनी डोळे उघडले, फटीत हात घातला, मग नातीकडे बघून म्हणाल्या, "जेवलीस का?"

"जेवेल, आई. मी बघतो," प्रॉस्पर म्हणाला, आणि ग्रिशानं बटण दाबलं.

आता मी प्रॉस्परच्या घरी असतो. अख्ख्या गावाचे नळ तो दुरुस्त करतो, पण माझी स्प्रिंग काही नीट करत नाही. दर शुक्रवारी लिराझ भिंतीवर आजी लावते आणि कुणी जागचं हलत नाही. तुम्हीही कधी अशा अंधाऱ्या खोलीत शिरलात, तर तिथल्या बाकाला, सोफ्याला नुसते टेकून उठू नका. भिंतीवरचं माणूस कुणाची तरी आई असतं.