आवाजांची राखण

"चालू होतोय का?" असं वहीत लिहून कंडक्टरकाकांनी वही पुढे केली, तेव्हा सिस्टर तिसऱ्यांदा बटण दाबत होत्या. संगणक कर्रकर्र वाजला, पडदा क्षणभर निळा झाला आणि मग सगळं शांत.

"होईल हो. म्हातारा झालाय, आढेवेढे घेतोय," सिस्टर म्हणाल्या खऱ्या, पण कपाळावर घाम आला होता.

निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, तरी सिस्टर हे नाव त्यांना चिकटलं ते चिकटलंच. सगळी नोकरी घशाच्या वॉर्डात गेली. ज्यांचं स्वरयंत्र काढावं लागणार, अशा रुग्णांना शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी त्या खिडकीपाशी बसवायच्या, परवानगीची सही घ्यायच्या आणि म्हणायच्या, "बोला. सुचेल ते बोला." कोणी मुलांना हाका मारायचं, कोणी बायकोशी जुनं भांडण उकरून काढायचं, कोणी नुसतंच खाकरून गप्प बसायचं. एक प्रत घरच्यांना द्यायची, दुसरी सिस्टरांच्या घरच्या संगणकात. एकोणीस वर्षांत तीनशे अकरा आवाज साठले होते.

कंडक्टरकाका त्यांतलेच एक, चार वर्षांपूर्वीचे. घरची प्रत ज्या फोनमध्ये होती तो बादलीत पडून गेला. आज रविवारचं सकाळीच ते नातीला घेऊन आले होते. नात तीन वर्षांची. आजोबांचा आवाज तिनं जन्मात ऐकला नव्हता.

"अगं, जरा इकडे ये गं!" सिस्टरांनी आत हाक मारली.

सून हात पुसत आली. ती एका कचेरीत संगणकांची देखभाल करायची. तिनं कान लावला, दोन कळा दाबल्या. "आई, आतली डिस्क गेली."

"जाऊ दे. माझ्याकडे नक्कल आहे. दर रविवारी न चुकता करते मी."

सिस्टरांनी कपाटातून बाहेरची डिस्क काढली. सून ती हातात घेऊन जरा घुटमळली, मग स्वतःच्या लॅपटॉपला जोडली. पडद्यावर 'आवाज' नावाचं चित्र आलं. सिस्टरांनी ते उघडायला सांगितलं. उघडलं नाही.

"आई, हा शॉर्टकट आहे. गावाबाहेर पाटी असते ना, तसा. पाटी म्हणजे गाव नव्हे. तुम्ही पाटीची नक्कल करत होतात."

"कधीपासून?"

"हा संगणक घेतल्यापासून."

म्हणजे पाच वर्षं. "तरीच क्षणात व्हायचं," सिस्टर पुटपुटल्या. "मला वाटायचं, नवा संगणक चपळ आहे." कोणी हसलं नाही. कंडक्टरकाकांनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी वही मिटली, हातानंच 'असू द्या' केलं आणि नातीचे बूट शोधायला खाली वाकले. रागावले असते तर बरं झालं असतं, असं सिस्टरांना वाटलं.

"काका, बसा हो. उठू नका," सून म्हणाली. खुर्चीवर चढून तिनं कपाटावरचा छोटा काळा डबा खाली घेतला. सिस्टर तो एक दिवसाआड पुसायच्या. इंटरनेटचा असेल, एवढंच त्यांना ठाऊक. "मागच्या वर्षी मी म्हटलं होतं ना, रोज आपोआप नक्कल होईल असं लावून देते?"

"आणि मी म्हटलं होतं, आपोआप होणारं काम कुणाचंच नसतं. बंद कर ते."

"मी बंद केलं नाही. रोज दुपारी तीनला तुम्ही जरा पडता, तेव्हा ते होतं, या डब्यात. नक्कल धड झाली की नाही तेही तपासतं आणि मला निरोप धाडतं."

सिस्टरांच्या ध्यानात एकेक येऊ लागलं. "म्हणजे पाटीचं तुला तेव्हाच कळलं होतं?"

सुनेनं होकारार्थी मान हलवली. "तुम्ही दर रविवारी इतक्या मन लावून करायचात. झाल्यावर कॅलेंडरवर खूण करायचात. सांगायला जीभ रेटेना."

स्वतःच्या घरात आपल्याला वर्षभर अंधारात ठेवलं, या विचारानं सिस्टर तापल्या. पण डबा जोडायला वाकलेली सून वायरचं टोक पुन्हापुन्हा उलटंच लावत होती. पहिल्यांदा शिरेत सुई घालणाऱ्या शिकाऊ मुली अशाच चुकायच्या. राग तिथल्या तिथे ओसरला.

"लबाड आहेस. पण पुढल्या वेळी सांगायचं हो. चूक दिसली की तिथंच सांगायची, वॉर्डात मी पोरींना हेच शिकवलं."

"सांगेन."

"आणि ते निरोप माझ्याही फोनवर येऊ देत. माझे आवाज आहेत ते."

यादी उघडली. तीनशे अकरा, एकही कमी नाही. सिस्टरांनी चष्मा नाकावर सरकवून बोट फिरवलं आणि थांबल्या. "हे बघा, हे तुम्ही."

कंडक्टरकाकांनी नातीला स्टुलावर बसवलं, ते मागे उभे राहिले. सुनेनं कळ दाबली. आधी खिडकीबाहेरचा गोंगाट, मग सिस्टरांचंच "बोला." आणि मग भारदस्त, जरा घोगरा, अख्खी बस भरून टाकणारा आवाज आला.

"काय बोलू, सिस्टर? घरात मी कमीच बोलायचो. जे काय बोललो ते गाडीत. आता तेच म्हणतो. चला, दारात गर्दी करू नका! अहो मावशी, पिशवी मांडीवर घ्या. पुढे सरका, पुढे जागा आहे, पुढे सरका!"

पोरगी पडद्याकडे टक लावून बघत होती. मागे वळून न बघता ती स्टुलावरच पुढे सरकली. आणखी एकदा हुकूम झाला, आणखी सरकली.

ती पडू नये म्हणून कंडक्टरकाकांनी तिच्या पोटाशी हात धरला. त्यांचे खांदे हसण्यानं गदागदा हलत होते.