मी लटारूला मारलं त्याची हकिगत

लटारूला मी १९५१ साली मारलं. राजुऱ्याच्या अदालतीसमोर, चिंचेखाली बसून, दिवसाढवळ्या, टाकाने. त्याला स्वतःला याचा आठ वर्षं पत्ता नव्हता.

तेव्हा राजुरा हैदराबाद राज्यात, जिल्हा आदिलाबाद, आणि अदालतीची जबान उर्दू. गावोगावच्या फिर्यादींना ती यायची नाही, म्हणून आम्हा अर्जनवीसांचं बरं चाललं होतं. माणूस आपलं रडगाणं त्याच्या बोलीत सांगायचा, मी ते उर्दूत आणखी रडवं करायचो. माझ्या उस्तादांची शिकवण होती: अर्जदार गरीब लिही, लाचार लिही, आणि बाई असली तर बेवा लिही. विधवेचा अर्ज चालू असताना मुन्सिफसाहेब पान थुंकायलासुद्धा उठत नसत. तालुक्यातले अर्धे नवरे मी असे मारून ठेवले असतील. कोणाचं काही बिघडलं नाही.

जिवतीच्या डोंगरातल्या सुगंधाबाईचं शेत शेजारच्या पोचूने बळकावलं होतं. शेत तिला तिच्या बापाने दिलेलं. तिचा नवरा लटारू तेव्हा सागाच्या तोडीवर लांब जंगलात गेलेला. आता लांब गेला लिहिण्यापेक्षा मेला लिहिणं सोपं. तिने अंगठा उठवला, मुन्सिफसाहेब पाघळले, शेत तिला मिळालं. पोचूने जिल्ह्याला अपील केलं आणि तिथून पुढे सरकारांनी तमाशा मांडला.

छप्पन साली हुकूम आला की राजुरा आता मुंबई राज्यात, जिल्हा नांदेड. नांदेडची त्यातल्या त्यात सोयीची वाट आदिलाबादवरूनच, आणि आदिलाबाद गेलं आंध्रात. म्हणजे आपल्या राज्यातून आपल्याच राज्यात जायला परमुलूख ओलांडा! अपिलाचे कागद तीन वर्षं गाठोड्यात पडून राहिले. एकोणसाठ साली कोणाच्या तरी डोक्यात उजेड पडला की नदीपलीकडे चांदा आहे. मग जिल्हा चांदा. शेतातून न हलता सुगंधाबाईने तीन जिल्हे पाहिले.

उर्दू गेली तसा माझा धंदाही गेला. चिंचेखाली मराठी टाइपरायटरवाले येऊन बसले. पण उर्दू कागदांची गाठोडी चांद्याला पोचली तेव्हा तिथे ती वाचणारं कोणी नव्हतं, म्हणून मला दुभाष्याची कच्ची नोकरी लागली. घरात बायको सुलताना आणि चार पोरं. त्या नोकरीसाठी मी अब्बांची शेरवानी उसवून कोट शिवला होता.

पोचूच्या वकिलाने कुठून तरी जुनी नक्कल वाचून घेतली असावी. पेशीच्या दिवशी त्याने बायकोसोबत येऊन मागे बसलेल्या लटारूला उभं केलं.

"नाव?"

"लटारू जी."

"ही सुगंधाबाई तुझी कोण?"

"बायको व्हय. दुसरी कोन राह्यते?"

वकील जजसाहेबांकडे वळला. "हुजूर, या बाईने जिवंत नवरा मेला म्हणून सांगितलं आणि शेत लाटलं. निकाल रद्द करा, आणि हिच्यावर फसवणुकीचा खटला भरा."

"मी मेलो?" लटारू म्हणाला. "कवा जी? मले काऊन नाई सांगतलं?"

सगळी अदालत हसली. जजसाहेब हसले नाहीत. त्यांनी कागद माझ्यापुढे सरकवला. अक्षर माझंच, झोकदार. मी वाचलं: बेवा, म्हणजे विधवा.

"बाई, हा अंगठा तुझाच ना?"

"माहाच जी. पन मले उर्दू नाई ये. चपराशी दर पेशीले बोंबलायचा, सुगंधाबाई बेवा लटारू म्हनून. मले वाटे, सरकारात बाईले असंच म्हनतेत."

जजसाहेबांना ते पटलं नाही, हे स्पष्ट दिसत होतं. त्यांनी लेखणी उचलली. तेवढ्यात सुगंधाबाईने माझ्याकडे बोट केलं.

"मुन्शीजीले इचारा. मी सांगतलं तेच त्यायनं लिवलं असन. भला मानूस हाये."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नोकरी डोळ्यांसमोर होती, सुलताना होती, पण त्या बाईचं बोट काही खाली येईना.

"हुजूर," मी म्हणालो, "लटारूला मी मारलं. ती म्हणाली होती नवरा तोडीवर गेलाय. बेवा मी लिहिलं. सवयीने."

"आणखी किती जणींना विधवा केलंत?"

"गाठोडी सोडून पाहावं लागेल, हुजूर. आणि ती वाचणारा मीच आहे."

शेत सुगंधाबाईकडेच राहिलं. बापाने दिलेलं, त्यात नवऱ्याच्या जिण्यामरण्याचा संबंधच नव्हता. हे आठ वर्षांपूर्वी लिहिलं असतं तरी भागलं असतं. मला सांगण्यात आलं की उद्यापासून येऊ नका.

बाहेर लटारूने मला चहा पाजला. "मुन्शीजी," तो म्हणाला, "मी मेलो होतो, तं आठ वर्सं त्या वावरात वखर कोन हाकत होतं?" सुगंधाबाईने त्याच वावरातली तूर फडक्यात बांधून दिली. नको म्हणायचं मला धाडस झालं नाही.

दुसऱ्या दिवशी मी राजुऱ्याला चिंचेखाली जुन्या जागी बसलो आणि नोकरी परत मिळावी म्हणून जजसाहेबांना अर्ज लिहायला घेतला. स्वतःसाठी लिहिलेला आयुष्यातला पहिला अर्ज. हात सवयीने चालला: अर्जदार गरीब असून लाचार आहे, पदरात चार लेकरं आहेत, दुसरा कोणी वाली नाही.

तिथे मी थांबलो. या वेळी शब्द न् शब्द खरा होता, आणि जजसाहेब त्यातला एकही मानणार नव्हते.